नापास होण्याचा हक्क

डेल्मर ह्युबनर सदुसष्टाव्या वर्षी बारावीत होता, आणि तसं त्याचं बरं चाललं होतं. आठवड्यातून तीन संध्याकाळी तो गावच्या हायस्कुलात जायचा, तळमजल्यावरच्या खोलीत आणखी तिघा मोठ्या माणसांबरोबर बसायचा, बीजगणिताशी झटापट करायचा आणि घरी येऊन बायकोला सांगायचा की आज बरोबरी झाली. उन्हाळ्यापर्यंत हातात दाखला पडला असता आणि विषय संपला असता. पण एका संध्याकाळी खोलीची किल्ली सापडेना, त्यामुळे सगळ्यांना बाहेर उभं राहावं लागलं. आणि उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर जी भिंत येते ती तो वाचतो.

भिंतीवर लिहिलं होतं की या शाळेच्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना शाळेत असतानाच जिल्ह्याच्या कॉलेजातला एखादा विषय घेता येईल; गुण आणि क्रेडिट दोन्हीकडे धरलं जाईल; फी नाही.

'या शाळेचे विद्यार्थी' हे शब्द डेल्मरने पुन्हा वाचले. उभा जन्म त्याने याच शाळेची पिवळी बस चालवली होती. मुलांना दारापर्यंत आणायचं, दार उघडायचं, मुलं आत गेली की गाडी वळवायची. आता तो स्वतः आत येत होता. मग तो विद्यार्थी नाही तर कोण?

घरी त्याने व्हर्नाला सांगितलं. व्हर्ना त्याची बायको. दातांच्या डॉक्टरकडे पुढच्या टेबलाशी बसून तिने जन्मभर नोकरी केली होती, त्यामुळे माणूस कितीही गोड बोलत असला तरी दुखतंय कुठे हे विचारायची तिला सवय होती.

"दोन्हीकडे धरतात म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे एकाच अभ्यासात कॉलेजचं इंग्रजी लेखन झालं आणि बारावीचं इंग्रजीही झालं."

"आणि नापास झालास तर?"

सी श्रेणीच्या खाली गेलं तर कॉलेजचं क्रेडिट नाही, बारावीचं इंग्रजी नाही, म्हणजे दाखलाही नाही. संध्याकाळच्या शाळेतली साधी इंग्रजीची परीक्षा दिली तर त्यात नापास होणं जवळजवळ अशक्य होतं. तिथल्या बाई उत्तराकडे बोट दाखवायच्या. हे सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे घरात बसून मिळत होतं ते तू बर्फात जाऊन घालवणार," व्हर्ना म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी माणूस तळलेले मासे खायला जातो. जो जात नाही तो आजारी असतो किंवा वारलेला असतो. माशांबरोबर कोबीची कोशिंबीर आणि शेजाऱ्यांचा सल्ला फुकट मिळतो, आणि दोन्ही संपवलं नाही तर लोकांना वाईट वाटतं. त्या शुक्रवारी टेबलावर डेल्मरचंच प्रकरण होतं. शेजारचा गॉर्डी पाव्हलिक, आयुष्यभर विमा विकलेला माणूस, म्हणाला की डेल्मर उगाच डोंगर चढतोय. कॉलेजात साठीच्या वरच्यांना फुकट बसू देतात. परीक्षा नाही, गुण नाहीत, नुसतं ऐकायचं. त्याची मेहुणी गेली दोन वर्षं इटलीचा इतिहास ऐकते आहे, आणि एकदाही तिला कोणी काही विचारलेलं नाही.

सगळ्या टेबलाला हे पटलं. वाढणाऱ्या बाईलाही पटलं. डेल्मर म्हणाला, "नुसतं बसायला मला चर्च आहे."

"अरे, पण तुला गुण हवेत कशाला? नोकरी लागणार आहे का तुला?"

"मेहुणीला विचार, इटलीत काय झालं."

गॉर्डीने विचारलं नाही, कारण त्याला उत्तर माहीत होतं.

शाळेतल्या मार्गदर्शक बाई, कर्स्टन टियर्नी, तरुण आणि उत्साही होत्या. नियम वाचून त्या म्हणाल्या की तुमचं बरोबर आहे, वयाचा उल्लेख कुठेच नाही. त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि तिथे पहिली माशी शिंकली. या सोयीसाठीच्या शाळांच्या यादीत संध्याकाळची शाळा नव्हतीच. मग बाईंनी डेल्मरला दिवसाच्या शाळेत घातलं. कागदोपत्रीच, त्या म्हणाल्या, काही फरक पडत नाही. डेल्मरने मान हलवली. आयुष्यात जे काही अंगावर आलं होतं ते सगळं 'कागदोपत्रीच' म्हणून आलं होतं, हे त्याला त्या क्षणी आठवायला हवं होतं.

दिवसाच्या शाळेतला विद्यार्थी म्हटल्यावर कॉम्प्युटरला पालकाची संमती हवी होती. बाईंनी डेल्मरचंच नाव पालक म्हणून घालून पाहिलं. विद्यार्थी आणि पालक एकच असू शकत नाहीत, असं कॉम्प्युटरने कळवलं. बाई खूप संकोचल्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "मिस्टर ह्युबनर, तुमच्या घरी मोठं कोणी आहे का?"

होतं. ओटिली ह्युबनर, वय एक्क्याण्णव, तलावाजवळच्या वृद्धनिवासात राहायची आणि दुपारभर तीन बायकांबरोबर शीप्सहेड या पत्त्यांच्या खेळाचे डाव खेळायची. पत्ते हातात असताना ती कोणाशी बोलत नसे. डेल्मर डाव संपेपर्यंत टोपी हातात धरून उभा राहिला. मग तिने संमतिपत्र घेतलं, चष्मा बदलला आणि ओळीवर बोट ठेवत सगळं वाचलं.

"इथे लिहिलंय की पाल्याच्या वर्तनाची जबाबदारी पालकावर राहील."

"ते सगळ्यांनाच असतं, आई."

"सदुसष्ट वर्षं मी ती जबाबदारी टाळत आले आहे."

बाकीच्या तिघींनी आपापली मतं दिली. एकीचं म्हणणं होतं की सही करू नये, मुलं एकदा कॉलेजात गेली की भेटायला येत नाहीत. दुसरी म्हणाली, मुलगा अजून लहान आहे का? तिला दिसत कमी होतं. ओटिलीने पेन मागितलं. "लाज आणू नकोस म्हणजे झालं," ती म्हणाली आणि सही करून पत्ते पिसायला घेतले.

पुढच्याच आठवड्यात तिने फोन करून डेल्मरला बोलावून घेतलं. दुपारच्या जेवणाच्या वेळी शाळेकडून फोन आला होता. यंत्रातल्या बाईने सांगितलं होतं की आपला पाल्य डेल्मर आज चौथ्या तासाला गैरहजर होता. दुसऱ्या दिवशीही फोन. तिसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा जेवणघरातल्या सगळ्यांनी चमचे खाली ठेवले.

डेल्मरने समजावलं की चौथा तास म्हणजे दिवसाच्या शाळेचा व्यायामाचा तास, त्याचा आपल्याशी संबंध नाही, कॉम्प्युटरची चूक आहे.

"त्या बाईला खोटं बोलून काय मिळणार आहे?" ओटिली म्हणाली. "कुठे जातोस तू चौथ्या तासाला?"

आमच्याकडे शाळेचा फोन हा शेरीफच्या फोनखालोखाल मानला जातो. डेल्मर तडक कर्स्टनबाईंकडे गेला. त्यांनी बरंच शोधलं आणि सांगितलं की चौथ्या तासाची नोंद काढता येईल, पण ती काढली की दिवसाची शाळा निघेल, दिवसाची शाळा निघाली की कॉलेज निघेल. या क्षणी दुसरा एखादा घरी गेला असता. डेल्मरने पांढरे बूट विकत घेतले.

रोज चौथ्या तासाला तो आता व्यायामशाळेत हजर राहू लागला. सतरा वर्षांच्या पोरापोरींबरोबर व्हॉलीबॉल खेळू लागला. चेंडू त्याच्याकडे आला की दोन्ही बाजूंचे सगळे थांबून तो कसा पडतो ते पाहायचे, आणि तो पडायचाही. शिक्षकाने सुचवलं की तुम्ही बाकावर बसून गुण मोजा. डेल्मर म्हणाला, बसण्यासाठी आलो नाही. गैरहजेरीचे फोन बंद झाले. मग एक दिवस ओटिलीला फोन गेला की आपला पाल्य व्यायामाची चड्डी विसरून आला.

तरीही या सगळ्याचं डेल्मरला फारसं वाईट वाटलं नाही. चुकलं की फोन जातो, म्हणजे कोणीतरी मोजतंय. खरं दुखणं कॉलेजात सुरू झालं.

लेखनाच्या प्राध्यापिका नॅडीन ऑरबाख अतिशय भल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्या वर्गाला म्हणाल्या की आज आपल्यामध्ये एक प्रेरणा बसलेली आहे. डेल्मरने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

वर्गात बहुतेक हायस्कुलातलीच मुलं होती, त्याच्यासारखीच दोन्हीकडे नाव असलेली. त्यांतली निम्मी त्याच्या बसमधून मोठी झाली होती आणि अजूनही तो उठून उभा राहिला की नकळत खाली बसायची. शेजारी टेसा व्हँडरली होती. हुशार, नखं खाणारी पोर. पहिला निबंध सगळ्यांनी लिहिला. डेल्मरने बर्फात शाळेची बस उलटी कशी काढावी यावर लिहिलं. निबंध परत आला तेव्हा वर लिहिलं होतं, 'अप्रतिम. ए.' बाकी पानं जशी दिली होती तशी.

टेसाच्या निबंधाला मात्र गोवर निघाला होता. समासात लाल शाईने लिहिलेलं होतं: हे कशावरून? हे वाक्य कुठे चाललं आहे? तुला हे खरंच वाटतं का? खाली बी वजा.

"तुमचं बरं आहे, मिस्टर डेल," टेसा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

डेल्मर तिच्या कागदाकडे बघत राहिला. हॉटेलात शेजारच्या टेबलावर वाफाळतं ताट यावं आणि आपल्यापुढे फुलदाणी ठेवावी, तसं त्याला झालं.

दुसऱ्या निबंधालाही ए. 'किती सुंदर.' तिसऱ्या वेळी डेल्मरने एक गोष्ट केली, जी करायला नको होती. त्याने गॅरेजमधून बर्फ उडवायच्या यंत्राची माहितीपुस्तिका आणली. सुरुवातीला 'मला आठवतं' असं लिहिलं, शेवटी 'दिवस कसे गेले कळलंच नाही' असं लिहिलं, आणि मध्ये ती पुस्तिका शब्दशः उतरवली, तेल बदलण्यासकट.

निबंध परत आला. 'वाचताना डोळ्यांत पाणी आलं. ए.'

त्या रात्री जेवताना तो काट्याने मटार इकडून तिकडे सरकवत राहिला. व्हर्नाने दुखतंय कुठे ते विचारलं. तो म्हणाला, "तिने निबंध वाचलाच नाही. माझं वय वाचलं आणि ए दिला."

"मग घे की. लोक एसाठी भांडतात, तू एशी भांडतोस."

"बस चालवायचं लायसन काढलं तेव्हा परीक्षकाने मला दोनदा नापास केलं होतं. तिसऱ्यांदा पास केलं, तेव्हा पोरांच्या आयांनी माझ्या ताब्यात पोरं दिली. असाच मला बघून पास केला असता तर?"

व्हर्नाने त्याला आणखी बटाटे वाढले. दुसऱ्या दिवशी गॉर्डीने कुंपणावरून सल्ला दिला की जास्तीची भरपाई आली तर शहाणा माणूस विमा कंपनीला कळवत नाही. डेल्मर तोवर कॉलेजच्या वाटेला लागला होता.

गुणांविरुद्ध दाद मागायची सोय कॉलेजात होती. पण ती गुण वाढवून घेण्यासाठी होती. विभागप्रमुख व्हिटकॉम्ब यांनी चष्म्यावरून डेल्मरकडे पाहिलं आणि म्हणाले की माझ्या नोकरीत गुण कमी करा म्हणून कोणी आलेलं नाही, त्याला आमच्याकडे रकानाच नाही. डेल्मर म्हणाला, रेघ मारून करा. व्हिटकॉम्बनी मायेने समजावलं. एवढं मनाला लागत असेल तर अजूनही तुम्ही नुसते बसणाऱ्यांत जाऊ शकता. गुणांची कटकटच नको. तुम्ही इथवर आलात यातच सगळं आलं.

"इथवर माझी गाडी आली," डेल्मर म्हणाला. "मी अजून यायचा आहे."

शेवटी रकान्यावर रेघ मारून अर्ज घेतला गेला आणि सुनावणी झाली. टेबलापलीकडे व्हिटकॉम्ब आणि आणखी दोन प्राध्यापक, एका बाजूला नॅडीनबाई, दुसऱ्या बाजूला डेल्मर, चर्चला जायचा कोट घालून. त्याने तिसरा निबंध पुढे ठेवला आणि त्याच्या शेजारी माहितीपुस्तिका ठेवली. तिघांनी दोन्हींची पानं आळीपाळीने उलटून पाहिली. मग एका प्राध्यापकाला खोकला आला आणि तो तोंडावर रुमाल धरून बसला.

व्हिटकॉम्बना हसू आलं नाही. त्यांनी सांगितलं की हे उतरवून काढणं झालं आणि कॉलेजात त्याला शून्य मिळतं. विद्यार्थ्याचं वय कितीही असो. डेल्मर म्हणाला, हरकत नाही, हेच पाहिजे होतं. पण आवाज जरा खाली गेला. शून्याचा त्याने विचार केला नव्हता.

नॅडीनबाईंचे कान लाल झाले होते. "तुम्ही मला सगळ्यांसमोर फसवलंत," त्या म्हणाल्या.

"तुम्ही मला आधी फसवलंत, बाई. प्रेमाने, पण फसवलंतच."

"मला वाटलं, तुमचा उत्साह..." त्या थांबल्या. मग त्यांच्यातलं काहीतरी सुटलं. "ठीक आहे. ऐकायचंय ना तुम्हाला? तुमचा बसचा निबंध तीनदा सुरू होतो. गाडी कोण चालवतंय हे दुसऱ्या पानापर्यंत कळत नाही. त्यात एक मुलगी चाकाजवळ पडते, आणि तिथे तुम्ही विनोद करता. जिथे जिथे कठीण येतं तिथे तुम्ही विनोद करून पळ काढता. आणि स्वल्पविराम तुम्ही मीठ टाकावं तसे टाकता."

रुमालवाल्या प्राध्यापकाने रुमाल खाली घेतला. बाईंनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

डेल्मर कोटाचे खिसे चाचपत होता. त्याला पेन्सिल सापडली.

"जरा हळू सांगा," तो म्हणाला. "विनोद करून पळतो, इथपर्यंत झालं."

निकाल असा लागला की तिसऱ्या निबंधाला शून्य, पहिले दोन पुन्हा तपासायचे, आणि पास-नापास ठरणार ते उरलेल्या चौथ्या, शेवटच्या निबंधावर. व्हर्नाने ताबडतोब सांगून टाकलं: शेवटच्याला सी मिळाला तर कसाबसा तरलास. खाली गेलास तर कॉलेज गेलं आणि बारावीही गेली, आणि शुक्रवारी मासे खायला आपण दुसऱ्या गावी जाणार.

पहिले दोन निबंध परत आले. पानं लालभडक, एकाला डी आणि एकाला सी वजा. ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं ते हातात आल्यावर डेल्मर त्या दिवशी घरात घुश्शात होता. बाईला बसमधलं काय कळतं, असं तो भांडी पुसता पुसता तीनदा म्हणाला. सकाळी कॉफी घेताना त्याने बसचा निबंध पुन्हा वाचला. गाडी कोण चालवतंय हे खरंच दुसऱ्या पानापर्यंत कळत नव्हतं.

त्यात ओटिलीचा फोन. यंत्रातल्या बाईने कळवलं होतं की आपल्या पाल्याचे गुण घसरले आहेत. "चांगला ए होता तुला," ती म्हणाली. "संगत कोणाची आहे सध्या?"

शेवटचा निबंध वाद घालायचा होता. एखादी बाजू घेऊन ती पटवून द्यायची. डेल्मरने विषय घेतला: म्हाताऱ्या माणसाला नुसतं बसवून ठेवणं हा त्याचा मान नाही. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला, गावातले पुरुष नारिंगी टोप्या घालून जंगलात गेले, शाळेलाही सुट्टी पडली. डेल्मर स्वयंपाकघरात बसून खोडत होता. विनोद आला की तिथे थांबायचं आणि आपण कशापासून पळतोय ते बघायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्यामुळे एकेका परिच्छेदाला दिवस जायचा. टेसा एकदा येऊन वाचून गेली आणि समासात लिहून गेली, 'हे कशावरून?' तो तिच्यावर चिडला आणि मग ते पान फाडून पुन्हा लिहायला बसला. गॉर्डीने हरणाचं मांस आणून दिलं आणि निबंधात आपल्या मेहुणीचं नाव आहे का ते विचारलं. नव्हतं. मेहुणी होती.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात नॅडीनबाई एकेका विद्यार्थ्याला खोलीत बोलावून निबंध हातात देत होत्या. बाहेर मुलांची रांग होती. डेल्मर आत गेला, टोपी काढली, खुर्चीवर न बसता उभा राहिला. बाईंनी हसून स्वागत वगैरे केलं नाही. त्यांनी कागद पुढे सरकवला.

पानापानावर लाल शाई होती. एका ठिकाणी समासात 'हो' लिहिलं होतं, एवढंच, आणि खाली रेघ. डेल्मर त्या 'हो'पाशी थांबला. मग शेवटचं पान उलटलं. सी.

त्याने श्वास सोडला. क्रेडिट मिळालं होतं, बारावीचं इंग्रजी झालं होतं, गावातले मासे वाचले होते. टोपी घालून दारापर्यंत तो गेलाही.

"सी अधिक देणार होते," नॅडीनबाई मागून म्हणाल्या, पुढच्या मुलाचा कागद शोधत. "पण शेवटचा परिच्छेद कमजोर आहे. सगळं आधीच सांगून झालंय, तिथे तुम्ही पुन्हा तेच सांगता."

डेल्मर दारात थांबला.

"पुन्हा तेच नाही ते," तो म्हणाला. "आधी दुसऱ्यांबद्दल आहे, शेवटी माझ्याबद्दल."

"वाचणाऱ्याला तसं दिसत नाही."

"वाचणाऱ्याने नीट वाचावं."

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "मिस्टर ह्युबनर, मी तो तीनदा वाचला आहे."

"मग चौथ्यांदा वाचू या," डेल्मर म्हणाला. त्याने बाहेरच्या रांगेला हाताने थांबायची खूण केली, दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून बसला.